ओला कचरा, सुका कचरा आणि न संपणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवताना, आणि त्याहून जास्त सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते एकदाचे इथे लिहून काढलेत. उत्तरं पुण्याच्या व्यवस्थेला धरून आहेत. नियम देशभराचा किंवा राज्याचा असेल तिथे तसं म्हटलंय. जे एका ठिकाणी सांगून झालंय ते पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ओला कचरा नक्की कशाला म्हणायचं? भिजलेला कागद ओल्यात आणि वाळलेली भाकरी सुक्यात का?

दोन्ही उलट. कुजून माती होणारं ते ओल्यात, मग ते हाताला कोरडं का लागेना. वाळलेली भाकरी, कांद्याची सालं, चहाचा चोथा, अंड्याची आणि शेंगांची टरफलं, मासळीचे काटे, उष्टं-खरकटं, हारातली फुलं, कुंड्यांतला पालापाचोळा हे सगळं ओल्या डब्यात. पावसात भिजलेला पुठ्ठा मात्र वाळवून सुक्यात द्या. ज्या कागदाला तूप, तेल किंवा भाजी लागलीय तो कागदाच्या कारखान्याला चालत नाही. तो बारीक फाडून ओल्यातच टाका.

२. आधी दोन डबे सांगितले, मग तीन, आता चार म्हणतात. स्वयंपाकघरात नुसते डबेच ठेवायचे का?

२०१६ च्या घनकचरा नियमांत तीन वाटे होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे औषधं, बल्ब, बॅटऱ्या, रंगाचे डबे वगैरे. पण रोज भरणारे डबे दोनच. सॅनिटरीसाठी बाथरूममध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पुरतो (प्रश्न १४), आणि विशेष काळजीच्या वस्तूंना कपाटाच्या तळाशी एक चपलांचा खोका. तो भरायला कित्येक महिने लागतात.

ओल्या डब्याला प्लास्टिकची पिशवी लावू नका, एवढं मात्र आवर्जून पाळा. तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला, डबा रोज विसळा. पिशवीची गाठ मारून दिलेला ओला कचरा पुढे कोणाला तरी हाताने फोडावा लागतो, आणि त्या क्षणी आत काय आहे हे त्या माणसाला ठाऊक नसतं.

३. आम्ही घरात वेगळं करतो आणि गाडीत सगळं एकत्र टाकतात. मग आम्ही मूर्ख आहोत का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, बहुतेकदा चिडून विचारलेला, आणि कधीकधी त्यात तथ्य असतं. पण आधी दोन गोष्टी नीट पाहा. पुण्यात बऱ्याच भागांत दारावर येणाऱ्या कचरावेचक ताई सुका कचरा गाडी यायच्या आधीच निवडतात आणि विकला जाणारा माल बाजूला काढतात. गाडीत जाताना तुम्हाला दिसतो तो ओला आणि निवडून उरलेला. दुसरं, घंटागाडीत ओल्या-सुक्यासाठी आतून वेगळे कप्पे असतात. लांबून, त्यातही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, तो एकच ढीग वाटतो.

हे पाहूनही खरोखर मिसळलं जात असेल तर ग्रुपवर भांडू नका, तक्रार करा. आपल्या भागाची आरोग्य कोठी, म्हणजे पालिकेच्या सफाईवाल्यांचं ठाणं, कुठे आहे ते शोधा, तिथल्या मुकादमाला गाठा, नाही जमलं तर क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला. ‘गाडीवाले मिसळतात’ या वाक्याने काही होत नाही. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि कप्पे भरून एक झाल्याचा फोटो दिला की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आणि थोडं कडू बोलतो. पुष्कळदा मिसळण्याची सुरुवात आपल्याच इमारतीत होते. पाच-सहा घरांनी डाळभात, डायपर आणि वर्तमानपत्र एकाच काळ्या पिशवीत बांधून खाली ठेवलं की सगळ्या इमारतीचा डबा बिघडतो. डाळ लागलेला कागद पुन्हा कागद होत नाही. काचेचा चुरा गेलेला ओला कचरा कुठल्या शेतात टाकायच्या लायकीचा राहत नाही. मोठी यंत्रं लावली की हे पुढे वेगळं करता येईल, असं सांगणारे भेटतील. यंत्र मोठी पिशवी आणि दगड वेगळा करतं. भातात कालवलेली ब्लेड नाही करत.

४. डेपोवर नुसतं नेऊन टाकलं तरी कुजणारच ना? एवढा खटाटोप कशाला?

कुजतं, पण वाईट रीतीने. मोठ्या ढिगात आत हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. शिवाय तो पेटतो. मुंबईच्या देवनार डेपोत १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. ढिगातून जे काळं पाणी झिरपतं ते जमिनीत मुरतं आणि विहिरींत उतरतं.

पुण्याच्या वाटचा हा त्रास उरुळी देवाची आणि फुरसुंगी या कचरा डेपोच्या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की पुण्यात दोन दिवसांत कोपरे तुंबायचे आणि तेवढ्यापुरती शहराला त्या गावांची आठवण यायची. आता जुने ढीग उकरून, चाळून, माती, दगड आणि जळाऊ प्लास्टिक वेगळं काढायचं काम चालतं. त्याला बायोमायनिंग म्हणतात. ते फार खर्चिक असतं, आणि त्यातून निघालेल्या मातीत प्लास्टिकचे बारीक तुकडे इतके असतात की ती भरावालाच बरी.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. वेंगुर्ला नगरपरिषदेने आपला कचरा डेपो असा बदलला की लोक तो बघायला जाऊ लागले. तिथे सुक्या कचऱ्याचे वीसहून अधिक वाटे केले जात. गाव लहान, कचरा कमी, हे खरंच. पण सुरुवात झाली ती घरोघरी वेगळा करून घेण्यापासून.

५. आम्ही मिळकतकर भरतो. मग कचरा नेणाऱ्या ताईंना दरमहा वेगळे पैसे का?

कारण पुण्यात बहुतेक घरांतून कचरा उचलणाऱ्या ताई पालिकेच्या पगारी नोकर नाहीत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. ताईंची कमाई दोन गोष्टींवर चालते: घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार. म्हणून महिन्याचे पैसे ‘पुढच्या वेळी देते’ म्हणून टाळू नका. आणि चांगली रद्दी, बाटल्या, पुठ्ठा स्वतः भंगारवाल्याला विकून ताईंच्या हातात फक्त वेफरची पाकिटं ठेवत असाल, तर त्यांच्या मिळकतीचा अर्धा भाग तुम्ही काढून घेतलात हे लक्षात असू द्या. तो तुमचा हक्क आहे, मान्य. पण मग शुल्कावरून घासाघीस करू नका.

६. सुक्या कचऱ्याचं पुढे नेमकं काय होतं?

पहिली निवड हाताने होते. पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसून माल जातवार वेगळा पाडला जातो: पुठ्ठा, वर्तमानपत्र, पांढरा कागद, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, ॲल्युमिनियम, काच. अनुभवी बाई प्लास्टिक हातात घेऊन चुरगाळते, आवाज ऐकते आणि ढिगावर फेकते. बाटलीवरचा छापील आकडा ती बघतही नाही. प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा आणि तो रोज हलतो.

मग माल छोट्या भंगार दुकानातून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्यात जातो. पाण्याची बाटली पेट (PET) या जातीच्या प्लास्टिकची असते, तिचं झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं. कारखान्यात दोन्हींचा चुरा करून पाण्यात टाकतात. पेट पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडतं. झाकणाचा चुरा हलका, तो तरंगतो आणि वरून काढून घेता येतो. पेटच्या चुऱ्यापासून बहुतांशी पॉलिएस्टरचा धागा होतो, टीशर्ट नाहीतर उशीतला कापूस म्हणून तो आपल्याच घरी परत येतो. कागदाचा लगदा होतो, पण दर फेरीला तंतू आखूड होत जातात. म्हणून वहीचा कागद पुढे पुठ्ठा होतो आणि पुठ्ठ्यातून अंड्यांचा ट्रे. ॲल्युमिनियम मात्र कितीही वेळा वितळवा. खनिजापासून नवं करण्याच्या मानाने त्यात सुमारे ९५ टक्के वीज-इंधन वाचतं, म्हणूनच शीतपेयाचा डबा रस्त्यावर पाच मिनिटंसुद्धा पडून राहत नाही.

काचेची गोष्ट उलटी. तीही पुन्हा पुन्हा वितळते, पण जड, फुटकी आणि स्वस्त. वाहतुकीतच पैसे जातात, म्हणून भंगारवाला तोंड वाकडं करतो.

७. डबे आणि दुधाच्या पिशव्या धुवून द्यायच्या का? त्यात पाणी जातंच की.

लख्ख करायची गरज नाही. भांडी घासल्यावरचं शेवटचं विसळणीचं पाणी ओतून हलवा, उपडं घाला, झालं. श्रीखंडाचा डबा, केचपची बाटली, दुधाची पिशवी या तिघांना मात्र हे हवंच. दोन दिवसांत त्यांना असा वास सुटतो की शेडमध्ये बसणारी बाई नाकाला पदर लावते, आणि मुंग्या-झुरळं वेगळीच.

दुधाच्या पिशवीची एक बारीक गोष्ट. कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता ठेवा. पिशवीला चांगला भाव आहे, पण नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही. तो ओट्यावरून सिंकमध्ये, सिंकमधून गटारात, नाहीतर सालींबरोबर खतात जातो. तयार खत चाळताना हे पांढरे-निळे त्रिकोण इतके निघतात की माझा भरपूर राग या कोपऱ्यांवर आहे.

८. चिप्सच्या पाकिटावर रिसायकलचा त्रिकोण आहे. तरी भंगारवाला का घेत नाही?

त्रिकोणातला आकडा प्लास्टिकची जात सांगतो, भाव नाही. १ म्हणजे पेट, २ म्हणजे डब्या-कॅनचं कडक प्लास्टिक, ४ म्हणजे दुधाच्या पिशवीसारखं नरम, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे ‘इतर’. चिप्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या यांत दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, काहींत धातूचाही. ते सुटे करणं परवडत नाही. अशी पाकिटं बहुतेक करून सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत जाळायला जातात. हे रिसायकलिंग नव्हे, पण उघड्यावर धुमसण्यापेक्षा बरं. कोरडी करून सुक्यातच द्या.

९. ‘कंपोस्टेबल’ पिशवी ओल्या कचऱ्यासकट टाकली तर चालेल ना?

नको. खरी कंपोस्टेबल पिशवी भारतीय मानक १७०८८ प्रमाणे तपासलेली असते, पण ती तपासणी मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेत होते. तुमच्या गॅलरीतल्या टोपलीत तेवढी धग सलग टिकत नाही, त्यामुळे पिशवी महिनोन्महिने तशीच दिसते. प्रकल्पावर तर निवडणाऱ्याला ती साध्या पिशवीपासून ओळखूच येत नाही. दोन्ही उचलून बाहेर फेकल्या जातात. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘इको’ छापलेल्या पिशवीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. कागद आणि उघडा डबा यांना अजून पर्याय निघालेला नाही (प्रश्न २).

१०. ओल्या कचऱ्याचं प्रकल्पावर खत कसं होतं?

गाडी काट्यावर वजन करून आत येते आणि माल मोकळा केला जातो. मोठ्या पिशव्या, नारळ, चिंध्या हाताने काढतात. मग लांबलचक ढीग लावतात, पुरुषभर उंचीचे किंवा थोडे जास्त. त्यावर जुनं खत किंवा जिवाणूंचं कल्चर शिंपडतात. दोन-तीन दिवसांत ढीग आतून तापतो. ५५ ते ६५ अंश हे हवं तेवढं तापमान. हात घालून पाहाल तर चटका बसेल, आणि पहाटे ढीग पालटताना वाफेचे लोट उठतात. हीच उष्णता रोगजंतू आणि तणाचं बी मारते. म्हणून ढीग ठरावीक दिवसांनी पालटतात, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, म्हणजे सगळ्या मालाला धग लागते आणि हवा खेळते.

जिवाणूंना दोन गोष्टींचा मेळ लागतो. नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग, आणि पन्नास-साठ टक्के ओल. आपल्या स्वयंपाकघरातला कचरा ओला आणि नत्राने भरलेला, म्हणून वाळका पाला, लाकडाचा भुसा मिसळावा लागतो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी ढीग थंडावतो. मग तो मोठ्या फिरत्या चाळण्यांतून जातो, शेवटची चाळणी ४ मिलिमीटरची. चाळलेला माल आणखी काही आठवडे मुरू देतात. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून हाती लागतं अंदाजे वीस किलो खत. बाकी पाणी आणि वायू होऊन गेलेलं असतं.

शहरी खत विकायचं तर ते खत नियंत्रण आदेशात बसावं लागतं: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, अशी यादी आहे. शिसं येतं जुन्या बॅटऱ्या आणि रंगातून, म्हणजे घरातूनच (प्रश्न १५). शेतकरी मात्र प्रयोगशाळेचा कागद बघत नाही. तो मूठभर खत तळहातावर पसरतो. त्यात काचेचा एक कण चमकला की पोतं परत.

दुसरा मार्ग बायोगॅसचा. हॉटेलांचं खरकटं आणि मंडईतली सडकी भाजी यासाठी तो उत्तम: बंद टाकीत हवेशिवाय कुजवायचं, मिथेन पकडून वापरायचा, उरलेली रबडी खताला. गोव्यात साळगावचा प्रकल्प या पद्धतीवर चालतो. पालापाचोळा आणि फांद्या मात्र अशा टाकीला पचत नाहीत.

११. सोसायटीत खत करणं सक्तीचं आहे का? आणि ते चोवीस तासांत खत देणारं मशीन घ्यावं का?

मोठ्या सोसायट्यांना आपल्या ओल्या कचऱ्याची सोय आवारातच करायची आहे, शक्य असेल तिथवर. २०२६ च्या नियमांप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा रोज ४०,००० लिटर पाणीवापर, किंवा रोज १०० किलो कचरा, यांतलं एक जरी लागू असेल तरी तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता. जुन्या बांधकाम परवानग्यांतही पुण्यात खतप्रकल्पाची अट असते. त्यातले अनेक प्रकल्प पार्किंगच्या कोपऱ्यात कुलूपबंद पडलेत. चालू प्रकल्पाला मिळकतकरात सवलत मिळते: गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांतलं एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. सवलत पाहणीनंतर मिळते, तेव्हा कुलूप काढून ठेवा.

मशीनबद्दल स्पष्ट मत: चोवीस तासांत खत होत नाही. विजेची कॉइल कचरा तापवून वाळवते, पाती त्याची पूड करतात. दिसायला खत, वासाला भाजलेल्या मसाल्यासारखं, पण कुजण्याची क्रिया झालेलीच नसते. विक्रेता समोर असतानाच परीक्षा घ्या. मूठभर पूड ओली करून पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि तीन दिवसांनी वास घ्या. आंबूस वास किंवा पांढरी बुरशी आली तर ते खत नव्हे. ही पूड तशीच कुंडीत घातली तर तिथे नव्याने कुजते आणि मुळं जाळते. वीजबिल येतं ते निराळंच. विटांचे जाळीदार हौद, वाळका पाला आणि रोज अर्धा तास हात घालणारा एक माणूस, यावर चालणाऱ्या सोसायट्या मी जास्त पाहिल्यात. मात्र त्या माणसाला पगार द्या. वॉचमनच्या गळ्यात फुकट घातलेलं काम पावसाळ्यात बंद पडतं.

१२. घरच्या टोपलीत आळ्या झाल्यात आणि वास येतोय. सगळं फेकून देऊ का?

थांबा. जाड, मळकट पांढऱ्या-तपकिरी, वळवळणाऱ्या आळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा कोणत्याही कल्चरपेक्षा झपाट्याने खातात. किळस येते, तेवढाच त्यांचा दोष. ओल कमी झाली की त्याही कमी होतात.

वास म्हणजे निदान. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही: टोपली हलवा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळका पाला मिसळा, तळाची भोकं मोकळी करा. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर नत्र जास्त झालाय, म्हणजे हिरवं आणि खरकटं फार, वाळकं कमी. ओल तपासायला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. चिलटं झाली तर प्रत्येक थरावर पाला झाका. डब्यात उघडी केळ्याची साल दिसता कामा नये.

१३. लिंबू, कांदा, शिळं अन्न, मटणाची हाडं, नारळ, यांतलं खतात काय चालत नाही?

लिंबाची सालं चालतात, एकदम ढीगभर नकोत. कांदा-लसणाला गांडुळं नाराज असतात, साध्या टोपलीला फरक पडत नाही. शिळं अन्न चालतं, पण रस्सा गाळून, कारण तेल आणि मीठ दोन्ही जिवाणूंना जड जातं. मटण-मासळी घरच्या टोपलीत शक्यतो नको, उंदीर-मांजरं येतात. ती पालिकेच्या ओल्यात द्या.

आंब्याच्या कोयी वर्षभर तशाच राहतात. फोडून टाका किंवा चाळणीवर उरल्या की पुन्हा पुढच्या टोपलीत. नारळाच्या करवंट्या कुजत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या वेगळ्या द्या, जळणाला जातात. शहाळं ही उन्हाळ्यातली खरी डोकेदुखी: श्रेडरशिवाय, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्राशिवाय, त्याचं काही होत नाही आणि एक शहाळं अर्धा डबा खातं. शक्य तर गाडीवरच पाणी पिऊन तिथेच सोडा. विक्रेत्यांची शहाळी एकगठ्ठा उचलता येतात, तुमच्या घरचं एक येत नाही.

१४. सॅनिटरी पॅड आणि डायपर ओल्यात की सुक्यात?

दोन्हींत नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनने ठळक ठिपका काढा आणि वेगळं हातात द्या. लाल ठिपक्याची ही पद्धत पुण्यातल्या कचरावेचकांनीच रुजवली. पुडी न उघडता आत काय आहे ते कळावं, एवढंच मागणं. डायपरमधली विष्ठा आधी संडासात. पॅड कमोडमध्ये टाकू नका, ड्रेनेज तुंबलं की ते काढायला माणूसच उतरतो.

घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर रोजचे डायपर बरेच होतात. ताईंना आधी सांगा, स्वतंत्र पिशवी ठरवा आणि शुल्क वाढवून द्या.

१५. जुनी औषधं, इन्सुलिनच्या सुया, ट्यूब, मोबाइलच्या बॅटऱ्या कुठे द्यायच्या?

हा प्रश्न २ मधला खोका. सुया टोपण लावूनही कचऱ्यात सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकची बाटली घ्या, तिच्यात साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ‘सुया’ लिहा आणि दवाखान्यात विचारा, तिथे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येतच असते. औषधं बेसिनमध्ये ओतू नका. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, तेव्हा न फोडता द्या. फुटलीच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा, झाडू आणि व्हॅक्यूम लावू नका.

मोबाइल, पॉवरबँक, खेळण्यांतल्या लिथियम बॅटऱ्या सुक्यात गेल्या तर गाडीत दाबल्या जाताना पेटतात. टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा आणि ई-कचरा संकलनात द्या. ई-कचरा आणि बॅटऱ्यांच्या नियमांनुसार वापरलेला माल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे मोठ्या दुकानांत विचारायला संकोच नको.

१६. फुटलेला ग्लास कसा द्यायचा?

जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून, हातात. डब्यात नाही. ब्लेडलाही हेच. कपबश्या आणि चिनी मातीची भांडी काचेच्या भंगारात चालत नाहीत, ती राडारोड्यात (प्रश्न १९).

१७. निर्माल्य आणि गणपतीच्या मूर्तीचं काय? कचऱ्यात टाकायला मन होत नाही.

टाकूही नका. फुलं, पत्री, दूर्वा यांचं उत्कृष्ट खत होतं, आणि ते घरच्या तुळशीला घालणं कोणाच्याही श्रद्धेत बसतं. आधी दोरा, जर, प्लास्टिकचे मणी, थर्माकोल काढा. कृत्रिम फुलांचा हार निर्माल्य नव्हे. विसर्जन घाटावर निर्माल्य कलश असतात, तिथेही पिशवीसकट टाकू नका.

मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विरघळवा, माती कुंडीला. प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय आहे: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती त्यात बुडवून ठेवायची. प्लास्टरचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खतच आहे. पालिका गणेशोत्सवात ही पावडर वाटते. दोन-तीन दिवस लागतात आणि अमोनियाचा वास येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवा, मधूनमधून ढवळा. ते पाणी झाडांना भरपूर पातळ करूनच द्या.

१८. कुत्र्याची शी आणि मांजराची वाळू खतात चालते का?

भाजीपाल्याला घालायच्या खतात नाही, कारण त्यात जंत आणि रोगजंतू असतात आणि घरच्या टोपलीत ते मारण्याइतकी उष्णता होत नाही (प्रश्न १०). बंगला असेल तर कोपऱ्यात खोल खड्डा करून पुरा. फ्लॅटमध्ये कागदात गुंडाळून सॅनिटरीसोबत. चिकणमातीची वाळू कुजत नाही.

१९. फ्लॅटचं काम काढलंय. राडारोडा, जुनी गादी, सोफा?

राडारोडा घनकचऱ्यात येत नाही, त्याला २०१६ पासून वेगळे नियम आहेत. पालिकेकडे नोंदवा, पैसे भरा, गाडी येते. ठेकेदार ‘मी बघतो’ म्हणाला तर कुठे बघणार ते विचारा, कारण रात्रीत नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी पडणारे ढीग असेच येतात. गाद्या-सोफ्यांसाठीही क्षेत्रीय कार्यालयात विचारून वार ठरवून घ्या. जिन्याखाली ठेवून दिलं म्हणजे विल्हेवाट लागली असं होत नाही.

२०. टोपलीतलं खत तयार झालं हे कसं ओळखायचं, कुंडीत किती घालायचं, आणि विकता येतं का?

काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास, आणि आत टाकलेलं काही ओळखू न येणं. शंका असेल तर त्यात मेथी पेरून बघा. चार-पाच दिवसांत नीट उगवली तर तयार, कोंब पिवळे पडून जळले तर आणखी मुरू द्या. नव्या कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत. जुन्या कुंडीला महिन्या-दीड महिन्याने दोन मुठी, खोडापासून लांब. नुसत्या खतात झाड लावू नका.

शेजाऱ्यांना, सोसायटीच्या बागेला खुशाल द्या. पिशवीवर नाव छापून बाजारात विकायचं तर प्रश्न १० मधला खत नियंत्रण आदेश लागू होतो.

२१. या फुटकळ गोष्टी कुठे? टी-बॅग, पिझ्झाचा खोका, टेट्रापॅक, दुकानाची पावती, केस, केरसुणीचा केर?

टी-बॅग फाडून चहा ओल्यात, पिशवी बहुधा प्लास्टिकमिश्रित असते म्हणून सुक्यात, पिन काढून. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ ओल्यात, कोरडं झाकण पुठ्ठ्यात. टेट्रापॅक विसळून, चपटं करून सुक्यात. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असल्याने ते ठरावीक ठिकाणीच जातं, पण जातं. यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती रद्दीत नको आणि खतातही नको, तिच्यावर रसायनाचा लेप असतो, ती टाकाऊ सुक्यात. केस आणि नखं खतात चालतात, फार सावकाश कुजतात. फरशीवरचा केर म्हणजे धूळ, प्लास्टिकचे धागे आणि वाळू, तो खताच्या टोपलीत घालू नका. वेगळ्या कागदात द्या. वापरलेला टिश्यू ओल्यात, पण ओला वाइप हा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या धाग्याचा असतो, तो प्रश्न १४ च्या पुडीत.